डोंगराखालून आलेल्या होड्या

“बब, आणखी एक!” तबिंदा गुडघाभर पाण्यातून ओरडली.

तांबड्या ठिपक्यांचा मेलेला ट्राउट मासा तिच्या ओंजळीत आडवा पडला होता. सकाळपासूनचा हा अकरावा! बब म्हणजे तिचे आजोबा रहमान, तीस वर्षं या ओढ्याचे राखणदार. म्हाताऱ्याचा डोळा लागतो आणि चोर पाण्यात विष कालवतात, असा गावभर बोभाटा झाला होता. उद्या मासेखात्याचे साहेब चौकशीला येणार होते. आणि पंधरवड्यावर माशांचा अंडी घालायचा हंगाम आला होता!

“चोर मासे मारून इथेच ठेवून जातात होय? भलतेच दानशूर!” चुलतभाऊ मुनीर म्हणाला.

तिच्या धाकट्या भावाने, अर्शीने, पाणी हुंगलं. “अक्रोडाचा वास येतोय.”

“तुझ्या हातांचा असेल, काळुंद्र्या!” मुनीरने चिडवलं.

अक्रोडाच्या हंगामात सालं सोलून गावात सगळ्यांचेच हात काळे. पण तबिंदाने डोंगराच्या पायथ्याशी, ओढा उगम पावतो तिथे जाऊन पाहिलं. तिथलं पाणीसुद्धा चहासारखं तांबूस होतं!

बब चमकले. “आम्ही पोरं अक्रोडाची हिरवी सालं ठेचून डोहात टाकायचो. मासे गुंगून वर यायचे. पण उगमाच्या वर तर नुसता डोंगर आहे गं!”

“मग डोंगरापलीकडे बघू!” मुनीर निघालासुद्धा.

पलीकडे सुला मामचं, म्हणजे गावच्या सुलामामाचं, अक्रोडाचं नवं सोलणयंत्र धडधडत होतं. शेजारून एक ओहोळ वाहत येऊन खडकातल्या खड्ड्यात गडप होत होता, आणि माम सालांचे ढीगच्या ढीग फावड्याने त्यातच ढकलत होता.

“माम, ही सालं ओढ्यात येतात! मासे मरतायत!” तबिंदा म्हणाली.

“ओढा कुठे, मी कुठे! मध्ये अख्खा डोंगर आहे. माझे आजोबाही टोपलीभर सालं इथेच टाकायचे. पळा, शेंबड्यांनो!”

मुनीर भडकला, पण तबिंदाने त्याचा हात दाबला. ती गोड हसली. “बरोबर आहे तुमचं. मग इथे टाकलेलं ओढ्यात येत नाही, अशी पैज लावायला कशाला घाबरता?”

“मी? घाबरतो? हरलो तर सगळी सालं पाठीवरून बागेच्या खड्ड्यात वाहून नेईन!”

“मग या अर्ध्या करवंट्यांवर तुमच्याच हाताने खूण करा. नंतर भांडण नको.”

मामने पोत्यांवर मारायचा आपला लाल शिक्का अक्रोडाच्या साठ करवंट्यांवर ऐटीत उमटवला. मुलांनी त्या ओहोळात सोडल्या. खड्ड्याने एकेक करत साऱ्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उगमापाशी गाव जमलं. साहेब आले. माम तर खास हसायला आला होता. एक तास गेला. काहीच नाही.

“संपला का खेळ?” माम म्हणाला. बब मान खाली घालून उभे होते.

“आली! आली!” अर्शी किंचाळला.

खडकाखालच्या काळोखातून एक इवलीशी होडी डुलत उजेडात आली. मागोमाग दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीवर लाल शिक्का! तबिंदाच्या अंगावर काटा आला. एवढा डोंगर, आणि त्याच्या पोटातून रात्रंदिवस पाणी वाहत होतं! इतकी वर्षं आपण त्याच्या डोक्यावर बकऱ्या चारल्या, आणि कुणाला पत्ता नव्हता! मामने एक करवंटी पाण्यातून उचलून उलटीपालटी करून पाहिली.

“माझाच शिक्का,” तो पुटपुटला. “रहमान काका, माफ करा.”

साहेबांनी टोपी काढली. “मी राखणदाराची चौकशी करायला आलो होतो. इथे तर चार राखणदार निघाले!”

पंधरवड्याने पाणी काचेसारखं निवळलं. चौघं काठावर पालथे पडून पाहत होते. हातभर लांबीची एक मादी शेपटीने गोटे सारून खळगा करत होती. अंडी घालायला! बबनी तबिंदाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मुनीर खिदळला, “माम, अजून किती खेपा?”

पाठीवर सालांची टोपली घेतलेला माम वाटेतच थांबला. त्याने काळं बोट ओठांवर ठेवलं.

“शू! हळू बोल. मासे घाबरतील.”