विरळणी

अनामय निवासात कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नसे. मिरजेबाहेरच्या माळावर बांधलेल्या त्या तीन मजली इमारतीत शंभरेक म्हातारी माणसं राहत होती, आणि त्यांच्यापैकी कुणी शिंकलं तर ती दिवसभराची बातमी व्हायची. दारांना मुठी नव्हत्या, माणूस जवळ आला की ती आपोआप सरकत. खोल्यांना कोपरे नव्हते, कारण कोपऱ्यात हवा साचून राहते. छताला बारीक जाळ्या होत्या आणि त्यांतून इतका हलका वारा येई की नव्या माणसाला तो कळायचासुद्धा नाही. जुन्यांना कळायचा, पण म्हाताऱ्या अंगाला गार लागायचंच, असं ज्याने त्याने धरून ठेवलं होतं.

प्रणिता घोरपडे ऐंशीच्या घरात आल्या होत्या. प्रणिता, शबाना, रूपाली, स्वप्नाली ही नावं ऐकली की आताच्या पोरांच्या डोळ्यांसमोर पांढरे केस आणि गुडघ्याचे पट्टे येत. प्रणिताबाईंनी सांगलीत चाळीस वर्षं शेंगतेलाचा घाणा चालवला होता. घाण्याच्या खडखडाटात बोलायची सवय लागल्यामुळे त्यांचा आवाज तीन खोल्यांपलीकडे जायचा, आणि तो खाली आणावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

त्या दुपारी त्या दक्षिणेच्या व्हरांड्यात शेंगांची पाटी घेऊन एकट्याच बसल्या होत्या. चटणीसाठी शेंगा फोडून द्यायचं काम त्यांनी स्वयंपाकघराकडून भांडून मिळवलं होतं. समोर एक रिकामी खुर्ची होती. ती शबाना मुजावरची.

शबाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पहिली दोन वर्षं दोघी रोज दुपारी इथे बसायच्या. एकीने फोडायच्या, दुसरीने दाणे निवडायचे, आणि दाणा खवट निघाला की दोघींनी मिळून व्यवस्थापकांचा उद्धार करायचा. प्रणिताबाईंना नवरा गेल्यानंतर इतकं हसायला कधी आलं नव्हतं. मग काय झालं कोण जाणे. शबाना उशिरा यायला लागली, लवकर उठायला लागली. बोलता बोलता "काय म्हणालीस?" असं चारचारदा विचारायला लागली, जणू लक्षच नाही. एक दिवस आलीच नाही. आता जेवणघरात दोघी समोरासमोर आल्या तरी एकमेकींच्या डोक्यावरून बघायच्या.

'मास्तरीण ती,' प्रणिताबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. 'आपलं बोलणं गावंढळ वाटत असणार तिला.' हा राग त्यांनी तीन वर्षं जपला होता. राग असला की दुपार लवकर सरते.

संध्याकाळी सभागृहात समारंभ होता. दमज्वराची साथ येऊन गेल्याला दहा वर्षं झाली होती. त्या साथीत देशभरातल्या वृद्धाश्रमांमधली माणसं पटापटा मेली होती. अनामय त्यानंतर बांधलं गेलं, आणि इथे आजवर संसर्गाने एकही माणूस दगावला नव्हता. ही इमारत जिने आखली ती डॉक्टर अन्विता बिडकर आज मुद्दाम पुण्याहून आली होती. पंचेचाळिशीची, बारीक चणीची बाई, बोलणं स्वच्छ आणि लाघवी. रहिवाशांचे नातेवाईकही आले होते. सगळ्यांच्या खुर्च्या अर्थातच दूर दूर मांडलेल्या होत्या.

"ताटातलं उष्टं आपल्याला दिसतं," अन्विता म्हणाली, "हवेतलं दिसत नाही. बंद खोलीत दहा माणसं तासभर बसली, की प्रत्येकाचा तिसावा-चाळिसावा श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. त्याला आम्ही उष्टी हवा म्हणतो. ती मोजणंही सोपं आहे. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो आणि बाहेरच्या हवेत तो अगदी नावाला असतो. खोलीत तो जितका वाढला, तितकी हवा उष्टी झाली."

लोक माना डोलावत होते. प्रणिताबाईंनासुद्धा ते पटलं.

"मग हवा गाळायची यंत्रं बसवली की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण यंत्र खोली साफ करतं. दोन माणसं गप्पा मारत बसली, तर त्यांच्या तोंडांमधली हातभर हवा यंत्राच्या हाती लागत नाही. साथ पसरते ती तिथून. मागच्या वेळी यावर उपाय काय केला? माणसांना खोल्यांत कोंडलं. तापातून वाचलेली माणसं खोलीत खंगून गेली. मी ठरवलं होतं, माझ्या इमारतीत कुणाला कोंडायचं नाही, कशालाही बंदी घालायची नाही. माणसांना हलवायचं, पण त्यांना त्रास न होता."

तिने भिंतीवर एक नकाशा दाखवला. नकाशा अनामयचाच होता, आणि त्यात शंभरेक ठिपके मुंग्यांसारखे फिरत होते.

"शेतात बी दाट पडलं, की मधली रोपं काढून टाकतात. उरलेल्यांना हवा मिळते. त्याला विरळणी म्हणतात. माझ्या प्रणालीचं नावही तेच. दोन माणसं रोज फार वेळ जवळ बसायला लागली, की विरळणी त्यातल्या एकाच्या मानेवर गार झुळूक सोडते. दिवा किंचित मंद करते. जाळीतला आवाज जरासा वाढवते, म्हणजे समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही. माणसाला वाटतं, आज बसवत नाही इथं. तो आपल्या मनाने उठून जातो." अन्विताने दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ही जोडी पाहा. दक्षिण व्हरांडा, रोजच्या दुपारी. अख्ख्या इमारतीत सगळ्यांत धोक्याची जोडी होती ही. विरळणी सुरू केल्यापासून आठ महिन्यांत, एक शब्दही न बोलता, बघा."

दोन ठिपके हळूहळू लांब गेले. एक तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रणिताबाईंच्या पायांत एकदम बळ आलं. त्या काठी न घेताच उभ्या राहिल्या.

"बंद करा त्या टाळ्या!" त्यांचा आवाज सभागृहाच्या त्या टोकाला जाऊन आदळला. "त्यातला एक ठिपका मी हाय."

सगळे वळून बघायला लागले. मागच्या रांगेत शबाना मुजावर मान खाली घालून बसली होती.

"तीन वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालतोय," प्रणिताबाई म्हणाल्या. रागावल्या की घाण्यावरच्या गड्यांसारख्या त्या 'घालतोय, करतोय' असं बोलायच्या. "माझी मैत्रीण होती ती. ह्या वयात नवी मैत्रीण मिळती काय, सांग की! आणि तू पंखा लावून ती घालवलीस? वर आम्हालाच नकाशा दाखवतीस?"

नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी आपल्या वडिलांचं नाव घेऊन विचारलं, त्यांचा कॅरमचा डाव मोडला तोही असाच का? अन्विताचा चेहरा उतरला.

समारंभ संपल्यावर ती प्रणिताबाईंच्या खोलीत आली. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, माझी आजी अशाच एका निवासात होती. आठवडाभरात तिचा अख्खा मजला गेला. आम्हाला ती काचेतून दाखवली. त्या मजल्यावरच्या बायका रोज एकत्र बसून भाजी निवडायच्या, एवढंच कारण होतं. साथीनंतरही दोनदा दमज्वर मिरजेत येऊन गेला. तुमच्या दारापर्यंत आला होता. तुम्ही दोघी आज जिवंत आहात."

"जिवंत हाय खरं," प्रणिताबाई म्हणाल्या. "पण मला विचारलंस काय, की बाई, मैत्रीण पाहिजे का चार वर्षं जास्त पाहिजेत?"

"सांगून उपयोग झाला नसता. कळलं की माणूस शाल पांघरतो आणि तिथेच बसून राहतो."

"मग बसू द्यायचं होतंस की! शाल माझी, मान माझी, मरण बी माझं. साथ आली तर सांग, दारं लाव, मी मुकाट्यानं आत बसतो. दार लावलं की निदान दिसतंय, कुणी लावलं ते. तू तर माझ्या डोक्यात शिरून माझ्याकडनंच दार लावून घेतलंस."

अन्विता वाईट बाई नव्हती, आणि प्रणिताबाईंना त्याचाच जास्त संताप येत होता. वाईट असती तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

नातेवाइकांनी लावून धरल्यामुळे व्यवस्थापनाने त्याच रात्री एक महिनाभर विरळणी बंद ठेवायचं कबूल केलं. हवा गाळणारी यंत्रं चालू राहणार होती, पण माणसांना हलवणारी झुळूक बंद.

दुसऱ्याच दिवशी प्रणिताबाईंनी शबानाला निरोप पाठवला. दुपारी शबाना आली. जुन्या खुर्चीवर बसली, पाटीतली एक शेंग उचलली, पण फोडली नाही.

"ऐकलंस न्हवं काल?" प्रणिताबाई उत्साहाने म्हणाल्या. "सगळं त्या पंख्यानं केलं. आपलं भांडण न्हवतंच काही. उगीच तीन वर्षं घालवली बघ."

"झुळूक पंख्याने सोडली," शबाना म्हणाली. तिचं बोलणं वर्गात शिकवल्यासारखं सावकाश आणि स्पष्ट. "मला काय वाटलं, ते पंख्याने नाही सांगितलं. मी उठून गेले की तू माझ्या खुर्चीवर पाटी ठेवायचीस. मला वाटलं, मुजावरीण शेजारी नकोशी झाली असेल. नोकरीभर ते झेललं होतं, त्यामुळे लगेच तेच वाटलं."

"शबाना! अगं, माझ्या मनात तरी—"

"माहीत आहे. तेव्हा नव्हतं. आणि तुला काय वाटलं होतं?"

प्रणिताबाई अडखळल्या. "तुला माझं बोलणं गावंढळ वाटतं असं."

"कधीकधी वाटायचं," शबाना म्हणाली. "पण त्यासाठी मी उठून गेले नसते."

व्हरांड्यात वारा अजिबात नव्हता. शेंगांची धूळ उन्हात जागच्या जागी तरंगत होती.

"गेल्या दिवाळीत तू जेवणघरात शेजारच्या खोलीतल्या रूपालीशी बोलत होतीस," शबाना म्हणाली. "माझ्याबद्दल. म्हणालीस, 'जाऊ दे गं, शेवटी ती लोकं तसलीच.' तुझा आवाज, प्रणिता. मी पार खिडकीपाशी बसले होते."

प्रणिताबाईंना आठवलं. त्या म्हणाल्या होत्या. रागाच्या भरात, समोर चिवड्याची बशी होती, रूपाली हसली होती. घाण्यावर सगळ्या जातीधर्माचे लोक कामाला ठेवणाऱ्या प्रणिता घोरपड्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं होतं, आणि तेव्हा त्यांच्या मानेवर कुठलीही झुळूक नव्हती.

"त्या पंख्यामुळंच की गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "तो नसता तर मी कशाला बोलले असते?"

"नसतीस बोलली. पण बोललीस." शबानाने हातातली शेंग पाटीत परत ठेवली. "मला तुझा राग नाही येत, खरंच नाही. फक्त आता तुझ्यासमोर बसलं की ते वाक्य ऐकू येतं. त्याला मी काय करू?"

ती उठली आणि आपल्या मनाने निघून गेली. दार सरकलं, मागे मिटलं.

महिना संपल्यावर अन्विता पुन्हा आली. दुपारची वेळ होती. प्रणिताबाई व्हरांड्यात शेंगा फोडत होत्या, जरुरीपेक्षा जोरजोरात. तिने हातातल्या पडद्यावर तोच नकाशा उघडून दाखवला.

"महिनाभर विरळणी बंद आहे, काकू. सभेत सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांना माहीत आहे. पण ठिपके होते तिथेच आहेत. कॅरमवाले म्हणतात, तो पाटील डाव हरला की चिडायचाच. दोघी बहिणी होत्या ना तळमजल्यावर, त्यांना आता आईच्या बांगड्या कुणी घेतल्या ते आठवतंय. प्रत्येकाकडे कारण आहे. मी दिलेलं नाही. आणि आता प्रत्येक कारण खरं आहे."

"मग तुझे साहेब काय म्हणत्यात?"

"खूश आहेत." अन्विताने हातातला पडदा बंद केला. "विरळणी न लावताही हवा तितकीच स्वच्छ राहते. वीज वाचते. आता राज्यभर नवे निवास बांधायचे आहेत. त्यांत विरळणी फक्त पहिली दोन वर्षं लावायची आणि मग काढून दुसरीकडे न्यायची, असं ठरलंय. माणसं नंतर आपली आपण लांब राहतात, हे तुम्ही सिद्ध करून दिलंत म्हणतात. मी नको म्हटलं, तर म्हणाले, आता तुमची गरज नाही, पद्धत कळलीय आम्हाला."

प्रणिताबाईंच्या हातातली शेंग टरफलासकट चुरली. शिवी द्यावी तर कुणाला द्यावी, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळेना. यंत्र बंद होतं. समोरची बाई रडवेली झाली होती. शबानाचं काही चुकलं नव्हतं. फिरून फिरून तो संताप त्यांच्याच दारात येऊन उभा राहायचा, आणि त्यांच्याच खणखणीत आवाजात ते एक वाक्य त्यांना पुन्हा ऐकवायचा.

अन्विता थकून समोरच्या खुर्चीत बसली. तिने पाटीतली एक शेंग उचलली. "काकू, मी मदत करू?"

"ऊठ," प्रणिताबाई म्हणाल्या.

"काय?"

"ऊठ तिथनं. ती शबानाची जागा हाय."

अन्विता उठली. प्रणिताबाईंनी पुढे वाकून त्या खुर्चीवर पडलेली टरफलं झटकली, ती पहिल्यासारखी आपल्यासमोर नीट ओढून घेतली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.