चाकाजवळची जागा

शतक नुकतेच उलटले होते. मार्गशीर्षातील एका प्रसन्न सकाळी संघरत्ना भातसा धरणाच्या पायऱ्यांवर उभी राहून जलाशयाची पातळी वाचीत होती. तोच धरणाची मोटारबोट तिरपी होऊन थेट तिच्याच रोखाने आली…

“सरक गो, सरक! चाक ऐकत नाय!”

ती सरकली. पायरीला घासून बोट थांबली आणि तेलाने माखलेला एक तरुण ओशाळून बाहेर आला.

“लागलं तं नाय ना तुमाला?”

“मला नाय. पायरीला इचारा.”

हा रत्नदीप, शहापूरहून आलेला मेकॅनिक. बोटीचे स्टिअरिंग हायड्रॉलिक होते. पुढे चाक फिरवले की नळ्यांतील तेल मागचा दट्ट्या रेटी आणि सुकाणू वळे. सील फाटून तेल गळाले होते व नळ्यांत हवा शिरली होती. रत्नदीपने नवे सील बसवले. पण हवा काढणे एकट्याचे काम नव्हे. एकाने चाक फिरवीत वरच्या भांड्यात तेल घालीत राहावे, दुसऱ्याने मागे पारदर्शक नळीत बुडबुडे पाहून हवा सोडण्याचा स्क्रू वेळीच आवळावा.

भातसानगरच्या कचेरीतून सुटल्यावर संघरत्ना चाकाशी बसू लागली. “डावीकडं… हळू गो…” हा मागून येणारा स्वर तिला इतका प्रिय झाला, की ‘तुमी’चे ‘तू’ केव्हा झाले हे दोघांनाही उमगले नाही. बुडबुडे मात्र संपता संपेनात.

आणि आज ती आली, तर चाकाशी श्वेता बसलेली! कल्याणहून नुकतीच रुजू झालेली अभियंता, हसरी, मोकळी. रत्नदीपनेच तिला बोलावले होते. संघरत्नेच्या हाती उरले ते केवळ तेलाचे नरसाळे.

“उजवीकडं, मॅडम. वा! झ्याक!”

“बघ हं रत्नदीप, मला धरणावरून काढून बोटीवर ठेवतील!”

तो हसला. मनापासून हसला. संघरत्नेच्या अंतःकरणात जणू कुणी निखारा फुंकला. आपल्याला कधी ‘झ्याक’ म्हणाला होता का हा? तिची दृष्टी त्या हसण्यावर खिळली; नरसाळे हातातच राहिले… भांडे रिकामे झाले आणि चाकाने घुर्र करून हवा ओढली.

“अगं, तेल!” श्वेता ओरडली.

मागच्या नळीत बुडबुड्यांची रांग उठली. सारे श्रम व्यर्थ!

श्वेताने घड्याळ पाहिले. “माझी बस चुकेल. उद्या साहेबांची पाहणी आहे, सांभाळा बाबांनो!” ती निघून गेली.

रत्नदीप पुढे आला. “काय झालं गो?”

“तुमी बोलवा ना तुमच्या मॅडमला. त्यांचं झ्याक असतं.”

“आता परत ‘तुमी’?”

“मग काय! माझी जागा तिला दिलीत. हसत व्हतात तुमी दोघं… माझा हातच हलला नाय.” डोळे भरून आले, तशी तिने मान वळवली.

तो तेलकट बोटे पुसत हळूच म्हणाला, “तू चाकाशी बसलीस का मी नळी बघतच नाय. तुझी पाठ बघतो, वेणी बघतो… स्क्रू आवळायचा रायतो नि हवा परत आत. म्हणून मॅडमला बसवलं. त्या बसल्या का नजर कशी नळीवर रायते!”

“खोटं.”

“उद्या बोट वळली नाय तं माझं काम जाईल. तरी खरं सांगतो, त्याची मला तेवढी भीती नाय. तू उद्यापासून येनार नायस, याची हाय.”

संघरत्ना उठली. नरसाळे तिने त्याच्या हाती दिले.

“बस चाकाशी. नळी मी बघते.”

मागे जाऊन तिने स्क्रू हाती घेतला. “डावीकडं… हळू रे…” त्याची वाकलेली मान, कानामागचा तेलाचा डाग पाहता पाहता तिला कळून चुकले की तो खोटे बोलला नव्हता. तरीही ती वेळीच स्क्रू आवळीत राहिली. मावळतीचे केशरी तेज पाण्यावर पसरले. बुडबुडे विरळ झाले, थांबले. सुकाणू आज्ञाधारकपणे वळू लागले.

“रविवारी आई घरी असते, शेणव्याला,” ती म्हणाली. “येशील?”

चाक थबकले. “येईन… बुडबुडे हायत का अजून?”

नळीत निर्मळ तेल स्थिर उभे होते.

“हायत,” ती म्हणाली. “फिरवत राहा.”