ताईची नऊ पानं

धाकटी छापखान्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं मांडायची. केसभर सरकलेली ओळसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. दोन वर्षांपूर्वी आजारपणात ताईची वाचा गेली, उजवा हातही गेला. रडून रडून डोळे कोरडे झाल्यावर धाकटीने आपल्या कामाच्या जवळचंच काहीतरी शोधून काढलं : पत्त्यांसारखी खेळाची पानं बनवायचं सॉफ्टवेअर. चौकट तयार मिळायची. वर प्राण्याचं नाव, मध्ये त्याचं चित्र, खाली त्याची ताकद आणि खेळायचा नियम. चित्र ताईने डाव्या हाताने काढायचं, धाकटीने ते स्कॅन करून चौकटीत बसवायचं.

सुरुवातीला नुसते कावळ्याचे पाय उमटले. पण पुढे त्या डाव्या हाताला असं वळण आलं की धाकटी बघतच राहिली. कुलपाचं कवच घेतलेलं कासव. शिडीच्या पायांचा बगळा. नावं धाकटी सुचवायची आणि ताई मान हलवून त्यातली निम्मी नापास करायची; जन्मभर मास्तरीण होती ना. ‘कुलूपराव’ला मात्र ती तोंडावर हात ठेवून हसली होती. छापखान्यातल्या जुन्या चित्रकाराने ती पानं पाहिली आणि म्हणाला, "या रेषेपुढे मी पाणी भरावं."

एका रविवारी दुपारी नऊ पानं तयार झाली. छपाईसाठी धाकटीने ती पडद्यावर तीन-तीनच्या ओळींत, एकमेकांना चिकटवून मांडली.

प्राण्यांच्या मागे ताईने कुठे भिंत, कुठे फरशी, कुठे खिडकीचा कोपरा खरडला होता. त्या सगळ्या रेषा जुळत होत्या. कासवामागची फरशी बगळ्यामागे तशीच पुढे गेली होती. नऊ तुकड्यांची मिळून एक खोली झाली होती. त्यांचंच स्वयंपाकघर.

धाकटीला कौतुकाने भरून आलं. नऊ चित्रं, नऊ वेगळे दिवस, चतकोर कागद. आणि कडा तर स्कॅन केल्यावर तिने स्वतःच छाटलेल्या. तिने विचारलं, पण ताईने फक्त खांदा उडवला.

मग रंग सारखे पसरावेत म्हणून तिने दोन पानांची अदलाबदल केली.

रेषा पुन्हा जुळल्या. आता ती छापखान्यातली तिची खोली होती : एका बाजूला कललेलं कपाट, भिंतीवरून गेलेला गंजका पाइप. ताईने छापखान्याचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता.

तिने पानं आणखी चारपाचदा हलवली. दर वेळी खोली नवी आणि सांधा अचूक. असा सांधा तिला वीस वर्षांत साधला नव्हता. भीती नंतर आली. आधी वाटला तो हेवा.

तिने पानं घरच्या प्रिंटरवर छापली, कापली आणि ताईपुढे ठेवली. ताईने ती आपल्या मनाने मांडली.

या वेळी तीच खोली उमटली, जिथे त्या बसल्या होत्या. टेबल, टेबलावर उन्हाचा पट्टा, समोरासमोर दोन खुर्च्या. आणि तिसऱ्या बाजूला आणखी एक खुर्ची.

घरात खुर्च्या दोनच होत्या.

ताईने पानं गोळा केली, एका हाताने पिसली आणि वाटली. तीन स्वतःला. तीन धाकटीला. तीन टेबलाच्या रिकाम्या बाजूला.

"ताई, आपण दोघीच आहोत गं."

ताईचे ओठ हलले.

"आता डाव तिचा," ती म्हणाली. स्वच्छ, ठाम, वर्गात बोलायची तशी.

दोन वर्षं धाकटी या आवाजाची वाट बघत होती. तिने ताईचा हात घट्ट धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि रडली.

डोळे पुसून तिने मान वर केली, तेव्हा टेबलाच्या मधोमध एक पान पडलं होतं.

दहावं.

चौकट तीच, बाकीच्या पानांवरची. नाव नाही, ताकद नाही, नियम नाही. चित्रात दोन बहिणी, टेबलाच्या रिकाम्या बाजूने दिसाव्यात तशा. धाकटीने थोरलीच्या हातावर कपाळ टेकलेलं.

आणि रेषा काय होती! ताईहूनही सरस.

तिने ते पान अलगद उचललं आणि सवयीने कडेवरून अंगठा फिरवला.

शाई ओली होती.