दिंद्रुडची काच

सिद्धेश्वरला एका गोष्टीची घमेंड होती, आणि ती काही खोटी नव्हती. बीड जिल्ह्यात कॉम्प्युटर कुठंही रुसून बसो, हा गडी त्याला बोलता करायचा. २००४ सालच्या खंडेनवमीलाही तो सकाळीच घरच्या मशीनपुढं मांडी ठोकून बसला.

सासरे केदारनाथअप्पांची दिंद्रुडला कापसाची जिनिंग होती. तिथला सगळा हिशेब लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर, आणि तो बघायची सिद्धेश्वरची बायको रोहिणी. तिला आता सातवा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी एसटीचे धक्के बंद सांगितले होते, पण कापूस यायला लागला की ही बया कुणाचं ऐकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिंद्रुडच्या मशीनचा पडदा इथं बीडला उघडला तरच ती घरात बसणार होती.

"अहो, आज खंडेनवमी. आज अवजाराला हात लावत नाहीत," रोहिणी म्हणाली.

"हे काय औत हाय का कुळव?" तो हसला. "बस इथं, गंमत बघ."

फोनच्या लाइनीवरून व्हीपीएनचा खासगी रस्ता जुळला. दिंद्रुडचं मशीन ओ देत होतं, पण पडदा म्हणाल तर नुसता करडा, मधोमध एक काळी फुली. "अस्सं होय!" म्हणत तो कमांडच्या वाटेनं आत शिरला. डेस्कटॉप सुरू करणारी ओळ फाईलमध्ये कुणी लिहिलीच नव्हती. ती लिहिली, पडदा पाठवणारा सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि निळाशार डेस्कटॉप झक्कपैकी उघडला. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा चालत होतं.

"पोरगंबी लाथा मारायलंय बघा," रोहिणी पोटावर हात ठेवून हसली. "खूश झालंय!"

तेवढ्यात डेस्कटॉपच्या वरच्या बाजूला लाल ठिपका उमटला.

रंगांची गडबड असणार. त्यानं सेटिंग बदलली, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. ठिपका तिथंच होता, पसरट, बोटाच्या रेषा दिसाव्यात असा. मग खाली पांढरे दाणे आले. काही चिकटले, काही घरंगळून गेले.

त्यानं स्वतःच्या पडद्याची काच बाहीनं पुसली. ती स्वच्छच होती.

मोबाइलवरून त्यानं जिनिंगच्या वॉचमनला, शहादेवला गाठलं.

"काय चाललंय रे तिकडं?"

"पूजा हाय, जावईबापू. आमच्या कारभारणीनं, मंगलनं आत्ताच तुमच्या त्या टीव्हीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या."

काचेला लावलेलं कुंकू वायरीतून बीडला येत नसतं, हे सिद्धेश्वरइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आधी मशीन बंद कर."

"बंदच हाय की! अप्पांनी कालच समद्या वायरी काढून गुंडाळून ठेवल्यात. खंडेनवमीला चालवायचं न्हाई म्हणून."

डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा मिनिट बदलला.

सिद्धेश्वरनं व्हीपीएन तोडलं. मग फोनची वायरच उपटली. डेस्कटॉप तसाच राहिला.

"जावईबापू," शहादेवचा आवाज एकदम खाली आला. "कुंकू पुसायलंय कुणीतरी. आमी न्हाई. काचेच्या आतून."

सिद्धेश्वरच्या डोळ्यांदेखत ठिपका हळूहळू फिसकटत चालला होता.

"अहो," रोहिणी म्हणाली. तिचा हात पोटावर तसाच होता. "थांबलं की ओ."

"काय थांबलं?"

"लाथा मारायचं."

मोबाइल अजून कानालाच होता.

"लई बारकी बोटं हायेत, जावईबापू," शहादेव कुजबुजला. "नखंबी पुरती आली न्हाईत अजून."