एकशे चाळीस फेरे

वाटीतली आमटी गार झाली होती आणि टोपातली अजून वाफाळत होती. दोन्ही एकाच शेगडीवरून, एकाच वेळी उतरलेल्या. मग वाटीतलीलाच गार व्हायची एवढी घाई का? उर्मीने हे वाढप्यालाच विचारलं.

वाढपी यंत्रमानव होता. नाव ढवळ्या. लस बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तो सत्तावीस वर्षं आमटी ढवळत होता आणि दर पंधरा मिनिटांनी तिचं तापमान आणि आंबटपणा वहीत टिपत होता. वही आजवर कोणी मागितली नव्हती. अशा वह्यांनी दोन कपाटं भरली होती, तिसऱ्यासाठी त्याने अर्ज केला होता.

"प्रश्न चांगला आहे, ताई," ढवळ्या म्हणाला. "याच प्रश्नावर तुमच्या आजोबांची एक टाकी वाया गेली."

उर्मीचे आजोबा, म्हणजे तिचे आबा, डॉ. वामनराव केळुसकर, शेजारीच जेवत होते. लशी बनवण्यात चाळीस वर्षं घालवली म्हणून सकाळी त्यांचा सत्कार झाला होता. खांद्यावरच्या शालीचं टोक आमटीत बुडालं, तरी त्यांनी ते बाहेर काढलं नाही.

"ढवळ्या, पुरे," ते म्हणाले.

"सर, ताईंनी विचारलंय." ढवळ्या उर्मीकडे वळला. "उष्णता पृष्ठभागातून (वरच्या उघड्या भागातून) निघून जाते. एक वीत लांब, रुंद आणि खोल असा डबा घ्या. आता दहा वीत लांब, रुंद आणि खोल घ्या. तोंड किती पट मोठं झालं?"

"दहा दाहे शंभर पट."

"आणि आमटी किती पट मावेल?"

"त्याच्याही दहापट. हजार."

"हजार पट आमटी, पण तोंड शंभर पटच. म्हणजे प्रत्येक थेंबाच्या वाट्याला तोंड आलं पूर्वीच्या एक दशांश. म्हणून टोप सावकाश निवतो. आता आमटीच्या जागी पेशी धरा. लशीसाठी विषाणू जिवंत पेशींत वाढवतात, मग निकामी करतात. तो टोचला की शरीर खऱ्या विषाणूला ओळखायला शिकतं. पण त्या पेशींना प्राणवायू लागतो. प्रयोगशाळेतल्या लहानशा चंबूत तो वरच्या तोंडातून पुरेसा मिळतो. जैवभट्टीत (पेशी वाढवायच्या मोठ्या बंद टाकीत) पेशी हजारपट आणि तोंड शंभरपट. त्या गुदमरतात. म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडतात आणि पात्याने ढवळतात."

"मग जोरात ढवळायचं," उर्मी म्हणाली.

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मीही हेच म्हणालो होतो."

तेवढ्यात डॉ. शबाना मुलाणी आल्या. आबांच्या हाताखाली शिकलेल्या, आता आबांच्या जागेवर असलेल्या. "सर, जेवण झालं की चला. नव्या टाकीत प्राणवायू कमी पडतोय. चार वाजता वेग वाढवतोय, मिनिटाला साठ फेऱ्यांवरून एकशे चाळीसवर. बटण तुम्हीच दाबायचं."

"एकशे चाळीस कुठून आणलंस?"

"तुमच्याच जुन्या नोंदीतून. ती टाकी बिघडली ती तिच्यावरच्या यंत्रमानवाने वेग परस्पर दोनशेवर नेला म्हणून. तुमचा आकडा बरोबरच होता."

उर्मीने ढवळ्याकडे पाहिलं. तो कुणाला तरी भात वाढत होता. "तू नेलास दोनशेवर?"

"नाही. एकशे चाळीसच होता. मी तीनदा म्हटलं, पेशी फुटतील. सर तीनदा म्हणाले, गप्प बस. म्हणून बसायला लागलो. माझ्या बनावटीच्या यंत्रमानवाला बसायला चौदा मिनिटं लागतात. तेवढ्यात फुटल्या."

कोणीच हसलं नाही. ढवळ्याला हसणं अपेक्षितही नव्हतं, तो माहिती देत होता.

"झाडाच्या पेशीला कडक भिंत असते," आबा ताटाकडे बघत म्हणाले. "आमच्या पेशी प्राण्यांच्या. त्यांना नुसता पातळ पडदा. जोरात ढवळलं की फेस होतो. बुडबुडा फुटताना जो हिसका बसतो तो आपल्याला कळतही नाही, पण पेशीच्या डोक्यावर जणू छप्पर कोसळतं."

"मग दोनशे कोणी लिहिलं, आबा?"

"मी. डोंगरातल्या मुलांना पावसाळ्याआधी लस हवी होती. ती आठ महिने उशिरा पोचली. तोवर चौतीस मुलांचे कान तापाने गेले. तो आकडा मला माझ्या नावापुढे नको होता. म्हणून ढवळ्याच्या नावापुढे लावला आणि त्याला टाकीवरून इथे कँटीनमध्ये पाठवून दिलं."

डॉ. मुलाणींनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. "सर, आजची लसही त्याच डोंगरात जायचीय." मग त्या ढवळ्याकडे वळल्या. "आता काय करू?"

"वेग साठच ठेवा. हवेऐवजी निव्वळ प्राणवायू सोडा. हवेत तो जेमतेम पाचवा हिस्सा असतो. निव्वळ सोडला तर थोडक्या बुडबुड्यांत भागतं."

"हे तुला तेव्हाही माहीत होतं?"

"हो. चौथ्यांदा सांगणार होतो, पण बसत होतो."

ढवळ्यासकट सगळे टाकीजवळ गेले आणि तिथे जुनी नोंदवही आणली गेली. आबांनी पेन उघडलं आणि ते खोटं वाक्य गिरवून काळं करायला वाकले.

"सर, तसं नाही," डॉ. मुलाणी हळूच म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत. नोंद खोडायची तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

आबांनी एकच रेघ मारली. खालचं खोटं स्वच्छ वाचता येत होतं आणि यापुढेही येणार होतं. शेजारी त्यांनी खरं कारण लिहिलं, सही केली, तारीख घातली. चार वाजता टाकीत निव्वळ प्राणवायू शिरला. पातं साठ फेऱ्यांनी फिरत राहिलं. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा चढू लागला, आणि फेस कुठे दिसत नव्हता.

"म्हणजे मोठं करायचं तर सगळंच मोठं करून चालत नाही," उर्मी म्हणाली.

"हे कळायला मला एक टाकी लागली," आबा म्हणाले. मग ते ढवळ्यासमोर उभे राहिले. "मला माफ करशील का रे?"

ढवळ्या थोडा वेळ आतल्या आत शोधत राहिला. "सर, माझ्या तक्त्यात माफीचा रकाना नाही. नवा रकाना हवा असेल तर अर्ज करावा लागतो. तीन आठवडे लागतात."

"मंजूर होतो?" उर्मीने विचारलं.

"आजवर कोणी केलेला नाही."

तीन आठवड्यांत टाकीतली लसही तयार होणार होती. आबांनी ढवळ्याकडून कोरा कागद मागून घेतला, तिथल्याच स्टुलावर बसले आणि लिहायला लागले.