उगाच थांबणारी गाडी

लग्नाला दीड महिना झाला होता आणि सासरी माझ्याकडे एकच काम होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार सासऱ्यांना डायलिसिसला नेणं. बाकीचं घर सासूबाईंनी आपल्या हातात ठेवलं होतं. "तू फार हळू करतेस गं," असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. पण त्यांना गाडी येत नव्हती, नवऱ्याला आता दिवसपाळी लागली होती आणि माझ्याकडे लायसन्स होतं. लग्न ठरवताना माझं शिक्षण एकदाच विचारलं, लायसन्स दोनदा. त्याचा अर्थ मला मागाहून कळला.

गाडी लग्नाच्या महिनाभर आधी घेतलेली. समोर काही आडवं आलं तर ती स्वतःच ब्रेक मारते, याचं नवऱ्याला भारी कौतुक. पाहुण्यांना तो आधी गाडी दाखवायचा, मग मला. मी मनात म्हटलं, चला, या घरात न सांगता काही करणारं कुणीतरी आहे.

दवाखान्यात दुपारी दोनचा बेड आमचा. वीस मिनिटं उशीर झाला तर तो बाहेर ताटकळणाऱ्या पुढच्या माणसाला देत. लग्नाआधी एकदा बाबांची खेप अशी चुकली होती. दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं, आडवं होता येईना, रात्रभर खुर्चीत बसून माशासारखे तोंड उघडत होते म्हणे. सासूबाई हे मला दर खेपेला निघताना सांगत. दारातून टाटा करायच्या ऐवजी.

आधी नवरा त्यांना बायपासने न्यायचा. मला बायपासवरच्या ट्रकांची धडकी भरायची, म्हणून पहिल्याच सोमवारी मी जुना रस्ता धरला. सरळ, रिकामा, दोन्हीकडे पडीक रान.

"इकडून?" बाबा एवढंच म्हणाले.

"इकडे ट्रक नसतात, बाबा."

एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. रस्त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं असेल तर ते बोलतील, असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. ही माझी पहिली चूक, किंवा त्यांची.

निघताना किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा, ही त्यांची बसपासूनची सवय. मीही आणायची. त्या दिवशी आकडा सहा पूर्णांक एक होता. लख्ख दुपार. डावीकडे बंद पडलेला विटांचा कारखाना, त्याच्यापुढे बसथांब्याची मोडकी शेड. आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे, पायाखालचा ब्रेक आपणहून आत गेला, पट्टा छातीत रुतला, बाबांचं डोकं पुढे गेलं, रबराचा जळका वास आला. समोरच्या काचेवर लाल चित्र उमटलं: उभा माणूस, शेजारी उद्गारचिन्ह.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कुत्रं नाही, सावली नाही, उडणारी पिशवी नाही. अंधार असता तर बरं झालं असतं. अंधारात काही दिसलं नाही तर निदान अंधाराला दोष देता येतो.

"लागलं का, बाबा?"

ते शेडकडे बघत होते. "चल," म्हणाले. "दोन वाजतील."

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू फार जवळून चालवत असशील."

"कशाच्या जवळून?"

तो कूस बदलून झोपला.

बुधवारी पुन्हा तेच, पण थोडं पुढे, सहा पूर्णांक सातवर. शुक्रवारी सात पूर्णांक तीन. शनिवारी मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सुपरवायझरने वायर जोडली, काच पुसली, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा माझ्याशी बोलला.

"मॅडम, सेन्सर शंभर टक्के ठीक आहे. फक्त फार हळवा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नसलेलं पण दिसतं त्याला. ऊन, धूळ, काहीही. बंद करायचं बटण आहे, पण गाडी पुन्हा चालू केली की ते आपोआप चालू होतं. दर वेळी दाबून धरावं लागेल." मग हसून म्हणाला, "नवीन लग्न झालंय ना? सवय होईल."

सोमवारी गाडी थांबली ती आठ पूर्णांक दोनवर.

मी बोलते कमी, त्यामुळे माझ्या डोक्यात रिकामी जागा पुष्कळ. त्या जागेत मी हिशोब मांडला. दोन दिवसांत सहाशे मीटर. शुक्रवार ते सोमवार तीन दिवस, तर नऊशे. दिवसाला तीनशे मीटर, एकसारखे. ऊन असं चालत नाही. धूळही नाही. असं कुणीतरी चालतं ज्याच्या पायात त्राण उरलेलं नाही, पण ज्याला पोचायचं आहे. आणि ते आमच्याच दिशेने चाललं होतं. दवाखान्याचं फाटक साडेअकरावर होतं.

बुधवारी, वॉर्डात, बाबांच्या डाव्या हाताला दोन सुया लावून टेक्निशियन दुसऱ्या बेडकडे गेला. आधी वजन झालं होतं; तिथे प्रत्येकाला आत येताना आणि जाताना काट्यावर उभं करतात, किती पाणी काढलं ते कळायला. यंत्राचा पंप गरगर फिरत होता. स्पिरिटचा वास, पांढरा उजेड, आणि माझं ते पाठ नसलेलं लोखंडी स्टूल. मी हळूच म्हटलं, "बाबा, पुढच्या खेपेपासून बायपासने जाऊ या. मी ट्रकांना घाबरणार नाही."

"आता काय उपयोग?" ते म्हणाले. "ती निघाली ना."

मी काही विचारलं नाही. न विचारलं की माणसं बोलतात, हे मला माहेरापासून ठाऊक आहे.

"तो विटांच्या कारखान्याचा थांबा. विनंती थांबा होता. कुणी हात केला तरच बस थांबवायची. शेवटची फेरी, चौदा मिनिटं उशीर. आधीच दोन शेरे होते माझ्यावर उशिराचे. तिने हात केला होता. कडेवर वर्षाचं मूल, तापाने मान टाकलेलं... एक हात मुलाला, एक हात मला."

पंप फिरत राहिला.

"मी पाहिलं तिला, पोरी. आणि चौकशीत पाहिलं नाही असं लिहून दिलं. सही केली. कंडक्टरनेही केली. तिथून दवाखाना साडेपाच किलोमीटर. चालत निघाली ती."

"पोचली का?"

त्यांनी डोळे मिटले. "दोघंही नाही."

घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. तेहेतीस वर्षं संसार करून सासूबाईंना माहीत नव्हतं, आणि दीड महिन्याच्या सुनेला माहीत झालं. सासरी काही मिळतं म्हणतात ते असं.

पुढच्या बुधवारी मागून एक टेंपो येत होता. गाडी दहा पूर्णांक नऊवर थांबली आणि तो टेंपो किंचाळत आमच्या आरशाला घासून गेला. चालवणाऱ्याने मला जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी आम्ही सतरा मिनिटं उशिरा पोचलो. बाहेरच्या बाकावरचा माणूस आमच्या बेडसाठी उठून उभाही राहिला होता. आम्हाला पाहून पुन्हा बसला.

घासलेला आरसा पाहून नवरा भडकला. "उद्यापासून ते बंद करून चालवायचं. मरायचंय का तुम्हाला?"

शुक्रवारी मी गाडी सुरू केली आणि बटण दाबून धरलं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. थंड, कागदासारखा.

"राहू दे. एकदा न थांबून झालंय माझं."

"बाबा, मागून कुणी ठोकलं तर..."

"हळू चालव. तुला येतं की हळू करायला."

त्या घरात माझ्या हळूपणाचं झालेलं ते पहिलं कौतुक. मी बोट काढलं.

रस्ताभर काही झालं नाही. आठ, नऊ, दहा. आकाश भरून आलं होतं, वारा पडलेला. अकरा. दवाखान्याचं फाटक दिसलं, आणि फाटकाच्या तोंडाशी, साडेअकरावर, गाडी थांबली. या वेळी दणका नव्हता. बाबा बस थांबवत असतील तशी, सफाईने. काचेवर लाल माणूस उमटला. पहारेकरी खुर्चीतून आमच्याकडे बघत होता. त्याच्या आणि आमच्या मध्ये काहीही नव्हतं.

बाबांनी काच खाली केली. आणि मी कधी न ऐकलेल्या, नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "चला, ताई. पोचलो. चला."

लाल माणूस विझला.

वजन झालं. अठ्ठावन्न किलो चारशे. सुया लागल्या, पंप फिरू लागला, मी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच पाठ जरा सैल सोडली. संपलं एकदाचं, असं वाटलं.

तेवढ्यात यंत्र थांबलं.

लाल दिवा, कर्कश बीप. टेक्निशियन धावत आला, नळी उजेडात धरून पाहिली, बोटाने टिचक्या मारल्या. "हवेचा अलार्म. नळीत बुडबुडा आला की पंप बंद होतो." पुन्हा पाहिलं. "पण बुडबुडा नाहीये." चालू केलं. चार फेरे, पुन्हा बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. नळीतलं रक्त नुसतं उभं होतं, गडद होत चाललेलं.

"थांबून राहिलं तर गोठेल," तो म्हणाला. घाम फुटला होता त्याला. "काहीच नाहीये इथे, उगाच थांबतंय. सेन्सर फार..."

"हळवा आहे," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी, खांद्याच्या किंचित वर बघत होते.

"सूनबाई," ते कुजबुजले. "उठ जरा... इतकं चालून आलीय. तिला बसू दे."

मी उठले. काय करणार? वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलं की उठायचं, एवढं आपल्याला येतंच. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. टेक्निशियनने बटण दाबलं आणि पंप गरगर फिरू लागला. चार तासांत एकदाही थांबला नाही. मी चार तास उभी होते. कुणीतरी आत आलं, रिकामं स्टूल पाहून ओढायला गेलं, हात लावला आणि का कोण जाणे, तसंच सोडून निघून गेलं.

शेवटी सुया निघाल्या. हाताला कापसाची घडी बांधली. बाबा काट्यावर चढले.

अडीच लिटर पाणी काढलं होतं. काटा पंचावन्न किलो नऊशे दाखवायला हवा होता. त्याने दाखवलं चौसष्ट किलो नऊशे.

"नऊ किलो जास्त?" टेक्निशियन हसला. "काटा पण गेला वाटतं आज." त्याने काटा शून्यावर आणला, स्वतः चढून पाहिलं, मला चढवलं. आमची वजनं बरोबर होती. बाबा पुन्हा चढले. चौसष्ट किलो नऊशे.

ते डावा हात कोपरात वाकवून, अंगाशी धरून उभे होते. सुयांचा हात, दुखत असेल. सगळेच तसा धरतात. पण त्यांचं शरीर उजवीकडे जरासं कललेलं होतं. कडेवर वजन असलं की माणूस कलतो तसं.

येताना ते पुढे बसले नाहीत. मागे बसले, मधोमध नाही, एका बाजूला सरून. गाडी कुठेच थांबली नाही.

याला आता दोन महिने झाले. गाडी शहाण्यासारखी वागते. नवरा म्हणतो, बघ, सवय झाली तुला. दवाखान्यात मी भिंतीशी उभी असते. "बसा ना," असं नर्स म्हणते. मी म्हणते, असू दे. काटा त्यांनी बदलला. नवा काटाही तेच वजन दाखवतो, आणि आता तर डॉक्टर खूश आहेत, कारण खेपेनंतरचं वजन पाव किलोसुद्धा हलत नाही. बाबांना बरं मानवलंय, असं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

काल सासूबाईंनी बाबांचा कमरेचा पट्टा माझ्यापुढे टाकला. "पुन्हा सैल झालाय गं. खिळा गरम कर आणि आणखी एक भोक पाड."

हे चौथं भोक. मी हळूहळू पाडलं. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसून डुलकी काढत होते, गालांची हाडं वर आलेली, डावा हात वाकवलेला. सासूबाई पुटपुटल्या, "वजन तर तेवढंच सांगतात. मग यांचं जातंय कुठे?"

मी पट्टा त्यांच्या हातात दिला. माहेरी आमच्याकडे म्हणायचे, मूल बाळसं धरायला लागलं की कडेवर घेणारा वाळतो.