बळीरामची झडती

बापूंनी झडती घेतल्याशिवाय त्या घरात कोणाला पाऊल टाकता येत नसे, आणि राइट टाउनच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला भैया दारात आला की किटली खाली ठेवून आपणहून हात पसरायचा. बापू खुर्चीतून उठायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस समोर असला तरी नुसती सावली दिसायची. पण हातांना सगळं पाठ होतं. आधी खांदे, मग काखा, मग कंबर, खिसे, घोटे, आणि सगळ्यात शेवटी टोपी. टोपी काढून आतून बोट फिरवायचं, नसेल तर केस चाचपायचे. मग पाठीवर एक थाप. "चलो, अंदर." दूधवाला हसायचा, पोस्टमन हसायचा. मुलीच्या शाळेतल्या एक नव्या बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मात्र किंचाळल्याच, आणि तेव्हापासून बायकांना सूट मिळाली.

मोठ्या लढाईच्या वर्षांत बापू फॅक्टरीत होते. जिथं बॉम्बगोळ्यांत दारू भरत त्या खात्याच्या दारावर ते झडती घ्यायचे. आत काडेपेटी जायची नाही, खिळा जायचा नाही, बायकांच्या केसांतला आकडासुद्धा नाही. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण हातांची सवय सुटली नाही. म्हातारपणी कोणी जपमाळ ओढतं, कोणी सुनेला टोचून बोलतं. बापू झडत्या घ्यायचे. त्यात कोणाचं काय जात होतं?

घरात बापू आणि त्यांची मुलगी विभावरी, दोघंच. विभावरीनं चाळिशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं, शाळेत इतिहास शिकवायची, आणि बापू अजून तिला बेबी म्हणायचे. तिला एक नाद होता. लढाईच्या ज्या गोष्टी कोणाला ठाऊक नसतात त्या ती गोळा करायची आणि त्यांची पुस्तकं काढायची. ब्रह्मदेशातून पायी चालत आलेली कुटुंबं, पॅराशूट शिवणाऱ्या बायका, साखरेच्या रांगेत जमलेलं लग्न. अशी दोन पुस्तकं झाली होती. तिसरं ओमती मोहल्ल्यातल्या छापखान्यात अर्धं जुळून पडलं होतं. छापखान्याचे मालक श्यामसुंदरजी हिंदी पुस्तकं छापणारे. मराठीतल्या ळ चे खिळे त्यांना कधी पुरायचे नाहीत. या वेळी त्यांनी खास नागपूरहून मागवून घेतले आणि निरोप धाडला, "दीदी, आपके ळ आ गए. अब आखिरी चैप्टर कल सुबह तक भेज दीजिए."

अडलं होतं ते त्या शेवटच्या प्रकरणाशी.

ते प्रकरण बापूंच्या खात्यातल्या स्फोटाचं होतं. त्रेचाळीस सालची गोष्ट. ओमतीपर्यंत खिडक्यांची तावदानं फुटली होती म्हणे. लढाईचे दिवस, त्यामुळे बातमी कुठं आली नाही. आतली माणसं गेली, त्यांत बळीराम होता. हा बळीराम वर्धेकडचा, बापूंच्या शेजारच्या क्वार्टरात राहणारा. सगळ्या हिंदी मुलखात मराठी बोलणारी चार घरं, तेव्हा दोघांची भाजी एकमेकांच्या ताटात जायची. चौकशी झाली. बळीरामनं आत काडेपेटी नेली असं ठरलं, ते मुख्यतः बापूंच्या साक्षीवर. बापूंनी सांगितलं होतं, "मी त्याची डोक्यापासून पायापर्यंत झडती घेतली. काडेपेटी त्यानं कुठं लपवली, ते देवच जाणे." बापूंची नोकरी वाचली. बळीरामची बायको नर्मदा क्वार्टरातून बाहेर पडली, पेन्शन मिळालं नाही, आणि ती सिविल लाइंसमधल्या बंगल्यांत पोळ्या लाटायला लागली.

विभावरीनं बापूंकडून ही हकीकत पुन्हा पुन्हा ऐकली होती, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. बापूंच्या बाकी सगळ्या गोष्टी दर खेपेला बदलायच्या. एकदा पाऊस असायचा, एकदा ऊन. साहेब कधी उंच असायचा, कधी बुटका. ही एकच गोष्ट शब्दाला शब्द तीच यायची. डोक्यापासून पायापर्यंत. देवच जाणे. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर घोकलेलं उत्तर तिला लांबून ओळखू यायचं. पण ते आपल्याच बापाचं असावं, असं कोणत्या मुलीला वाटेल?

डिसेंबरचे दिवस होते, एकाहत्तर साल. पुन्हा लढाई लागली होती. तावदानांना काळे कागद चिकटले होते, आणि दिवस मावळता मावळता फॅक्टरीचा भोंगा झाला की सगळं शहर डोळे मिटून घ्यायचं.

छापखान्याचा निरोप आला त्याच दुपारी नर्मदा आली. पायरीवरच उभी राहिली.

"आत या ना काकू."

"नाही, इथंच बरी आहे मी. विभाताई, तुम्ही त्यांचं छापून राहिल्या म्हणे?"

विभावरी उंबऱ्यापर्यंत आली.

"ते बिडीला हात लावत नव्हते हो. तंबाखू खायचे, ते मी नाही म्हणत नाही. मग काडेपेटी काहून ठेवतील? त्या दिवशी टोपी मीच धुऊन दिली होती. उशीर झाला म्हणून ओलीच घालून गेले." नर्मदानं पदर तोंडाशी धरला. "लोक बोलतात ते हवेत जाते. छापलं की मग झालं. माझ्या नातीचं जमून राहिलं आहे, ताई. एवढं एक वाक्य नका टाकू."

आत खुर्चीवर बापूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. नर्मदा गेल्यावरही बराच वेळ त्यांनी ते वळवलं नाही.

संध्याकाळी भोंगा झाला. विभावरी स्वयंपाकघरात स्टोव्हमध्ये घासलेट भरत होती. पुढच्या खोलीत बापूंची खुर्ची सरकली. कोणीतरी आलं असणार. आता कापडावरून फिरणाऱ्या हातांचा आवाज येईल, मग थाप, मग "चलो अंदर", अशी ती सवयीनं वाट पाहू लागली.

काहीच आलं नाही. मग बापूंचा आवाज आला. इतका हळू, की त्यांचाच आहे का असा प्रश्न पडावा.

"जा... आत जा. तुझी कायची झडती? आपलाच आहेस तू... उशीर होऊन राहिला..."

विभावरी जवळची चिमणी उचलून धावली. दार सताड उघडं. उंबऱ्याच्या आत बापू एका अंगाला सरकून उभे होते, कोणाला वाट द्यावी तसे. दोन्ही हात खाली. बाहेर पायरीवर कोणी नाही, गल्लीत कोणी नाही. खोलीत मात्र एक वास भरला होता, कडवट, घशाला लागणारा. तो वास तिनं लहानपणी रोज घेतला होता. बापू कामावरून आले की त्यांच्या खाकी कपड्यांना तो यायचा, आणि आई ते कपडे वेगळे भिजवायची.

"कोण आलं होतं, बापू?"

"कोणी नाही."

"तुम्ही कोणाला तरी आत जा म्हणालात."

"काहून विचारून राहिली, बेबी? दार लाव. उजेड बाहेर जाते."

"झडती नाही घेतली तुम्ही?"

बापू खुर्चीत बसले. त्यांचे हात मांडीवर पडले होते, आणि विभावरी त्या हातांकडेच पाहत राहिली. दूधवाल्याला न सोडणारे हात. पोस्टमनला न सोडणारे हात. ते आज जागचे हलले नव्हते. स्फोटाच्या त्या सकाळीही हलले नसणार. आपला माणूस, आपली भाषा बोलणारा, घाईत आलेला. जा बाबा, आत जा. आणि मग साहेबासमोर, डोक्यापासून पायापर्यंत. तिला बापाची इतकी लाज वाटली की रडूसुद्धा आलं नाही. रात्रभर तिच्या डोळ्यासमोर पायरीवरची नर्मदा होती.

सकाळी दाराच्या पांढऱ्या चौकटीवर तिला चार बोटं उमटलेली दिसली. पिवळी. तिनं हळद समजून ओल्या फडक्यानं पुसली, पण ती हळद नव्हती. फडक्याला तोच कडवट वास आला. दारूभरणीच्या खात्यातल्या माणसांचे हात पिवळे व्हायचे, हे तिनंच तिच्या पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं.

छापखान्याचा माणूस आला, त्याला तिनं ताप आल्याचं सांगून उद्यावर ढकललं. दिवसभर ती कागद पुढ्यात घेऊन बसली. झडती झालीच नाही, हे तिला कळलं होतं आणि ते ती लिहिणार होती. बापूंचं नाव जाईल तर जावो. पण त्यानं नर्मदाचं काय भलं होणार? झडती झाली नाही म्हटल्यावर लोक उलट म्हणतील, मग काडेपेटी असेलच. बळीरामजवळ काही होतं की नव्हतं, हे जोवर कोणी सांगत नाही तोवर ती म्हातारी पायरीवरच उभी राहणार. आणि ते सांगणार कोण?

उन्हं उतरली तशी विभावरी उठली. घरातली एकुलती एक काडेपेटी तिनं चिमणीशेजारी लिहायच्या टेबलावर आणून ठेवली, स्वयंपाकघरातला स्टोव्ह विझवला, आणि भोंगा व्हायच्या आत दारात जाऊन उभी राहिली.

"बेबी," बापू खुर्चीतून म्हणाले, "तिथं काहून उभी आहेस?"

भोंगा झाला. गल्लीतले दिवे गेले. आधी वास आला. मग समोरचा काळोख जरा दाटला, कोणी उंबऱ्याशी येऊन थांबलं की पुढची हवा अडते तसा.

"जाऊ दे त्याला, बेबी... आपलाच..."

"थांबा, बापू." ती म्हणाली. "झडती झाल्याशिवाय कोणी आत जाणार नाही."

तिनं हात पुढे केले, आणि हातांना कापड लागलं.

जाड, राठ, खाकीचं कापड. आत ऊब नव्हती. विभावरीचे दात वाजत होते, तरी तिनं हात मागे घेतले नाहीत. आयुष्यभर पाहिलेलं काम होतं. खांदे. काखा. कंबर. डावा खिसा उलटा केला, रिकामा. उजवा खिसा, शिवणीत तंबाखूचा चुरा, बाकी रिकामा. ती गुडघ्यावर बसली, घोटे चाचपले. घोट्यांच्या खाली पाऊलच लागलं नाही, आणि तिथं ती थांबली.

"काही नाही!" ती ओरडली. "बापू, त्याच्याजवळ काही नाही! नव्हतंच काही!" आणि आता कुठं तिला रडू फुटलं. ती उठली, त्या थंडगार पाठीवर तिनं थाप मारली, आणि बापूंच्याच सुरात म्हणाली, "चलो, अंदर."

कापड तिच्या दंडाला घासून आत गेलं.

तिनं दार लावलं, चिमणी लावली आणि एका दमात लिहून काढलं. बापूंनी झडती घेतली नाही, हे लिहिलं. बापू खोटं बोलले, हेही लिहिलं. आणि शेवटी, बळीरामच्या अंगावर काहीही नव्हतं. उद्या छापखान्यात जाताना वाकडी वाट करून सिविल लाइंसला जायचं, नर्मदाला हे वाक्य वाचून दाखवायचं, आणि तिला हाताला धरून या घरात आणायचं, असं तिनं ठरवून टाकलं. फार दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

अंधारातून बापूंचा आवाज आला. त्यात राग नव्हता. नव्या माणसाला काम शिकवताना विचारावं तसं ते विचारत होते.

"टोपी पाह्यली का, बेबी?"

विभावरीची लेखणी कागदावर टेकलेली होती, ती तशीच राहिली. खांदे, काखा, कंबर, खिसे, घोटे. तिनं पुन्हा आठवून पाहिलं. खांदे, काखा, कंबर...

"बेबी... टोपी?"

शेवटच्या वाक्यावरची शाई अजून ओली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात, स्टोव्ह होता तिथं, खुळखुळ वाजलं. पेटीत काड्या किती उरल्या ते बघायला कोणी ती कानाशी धरून हलवावी, तसं.

घरातली काडेपेटी तिच्यासमोर टेबलावर होती.